तुमचे ९८ टक्के: अंतिम वर्षाच्या मुलामुलींना एक्स्टर्नल मॅडमचं खुलं पत्र

इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर, आयटी आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) शाखांतल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनो,

मे महिन्यातल्या दुपारी तुम्ही इस्त्रीचे फॉर्मल्स घालून लॅबबाहेर ताटकळत असता. हातात सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल. आत मी, बाहेरून आलेली परीक्षक, बसलेली असते, समोर गार झालेला चहा, दोन बिस्किटं आणि मार्कांची शीट. तुमचा नंबर लागतो, पीपीटी उघडते आणि तिसऱ्याच स्लाइडवर अ‍ॅक्युरसी झळकते, म्हणजे शंभरात किती उत्तरं बरोबर आली तो आकडा. ९८.२. ९९.१. एका ग्रुपची तर ९९.७ होती.

या वर्षी माझ्यासमोर १४ ग्रुप आले. त्यांतल्या ९ ग्रुपांचा प्रोजेक्ट खरं तर एकच होता: कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून खुणा शिकणारा प्रोग्राम, वापरून अमुक ओळखणे. अमुकच्या जागी कुठे छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया, कुठे ईसीजीवरून हृदयाचे बिघडलेले ठोके, कुठे पानावरचा रोग. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: एकच पेशंट, किंवा एकाच वेलीची पानं, ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (परीक्षेचा डेटा) दोन्हीकडे आहेत का? नऊही ग्रुप अडखळले. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दहा मिनिटांत त्यावर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी प्रोजेक्ट दुकानातून विकत आणला त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांनी रात्ररात्र जागून, गुगलचं ऑनलाइन कोलॅब डिस्कनेक्ट झालं की कपाळाला हात लावून, पुन्हा सुरू करून मॉडेल खरंच ट्रेन केलं, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

मी २२ वर्षं हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करत फिरले. ईसीजी, मॉनिटर, एक्स-रे. जिल्हा रुग्णालयापासून एका खोलीच्या दवाखान्यापर्यंत. आता शिकवते. नेटवर्कांची मला अॅलर्जी नाही, उलट फार आधी यायला हवी होती असं वाटतं. रात्री दोन वाजता एकटा मेडिकल ऑफिसर हातातली ईसीजीची पट्टी दिव्याखाली धरून बघत असतो, तेव्हा शेजारी कोणी तरी 'हे जरा नीट बघा' म्हणणारं असावं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणूनच तुमचे ९८ टक्के मला सुखानं चहा पिऊ देत नाहीत.

ईसीजीपासून सुरू करते, माझं आयुष्य त्यात गेलं. कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावरून तुम्ही जी सीएसव्ही फाइल उतरवता तिच्यात ट्रेनसाठी ८७,५५४ आणि टेस्टसाठी २१,८९२ ओळी असतात. एका ओळीत एक ठोका: १८७ आकडे आणि शेवटी लेबल. हा डेटा कुठला, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, कॅगलचा." म्हणजे दूध कुठून येतं, तर पिशवीतून.

ते दूध बॉस्टनचं आहे. १९७५ ते १९७९ या काळात तिथल्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात घेतलेल्या होल्टर (अंगावर बांधून तासन्‌तास घेतलेल्या ईसीजीच्या) नोंदींतून अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे निवडले गेले. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यातल्या ठोक्याठोक्यावर खुणा केल्या, सगळ्या मिळून सुमारे १,१०,०००. एमआयटी-बीआयएच डेटाबेस म्हणतात तो हाच. काम इतकं चोख की इतकी वर्षं जग त्यावर चाचण्या घेतंय. पण माणसं किती होती? ४७. नोंद क्रमांक २०१ आणि २०२ एकाच गृहस्थांच्या आहेत.

आता साधा भागाकार करा. लाखावर ठोके, माणसं ४७, म्हणजे माणशी सरासरी २,३०० ठोके. तुमच्या फाइलीत हे ठोके पत्त्यांसारखे पिसून ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटलेले आहेत. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे. प्रत्येकाच्या ईसीजीची ठेवण त्याच्या सहीसारखी असते. क्यूआरएस या टोकदार उंचवट्याची उंची, त्यामागून येणाऱ्या टी-वेव्ह या लाटेचा उतार, सगळं आपापलं. तुमच्या नेटवर्कनं बॉस्टनच्या एकेका माणसाचे दीड-दोन हजार ठोके अभ्यासाला घेतले आणि परीक्षेत त्याचेच उरलेले ठोके सोडवले. याला आपल्याकडे फार परिचयाचा शब्द आहे: पेपरफुटी. इंग्रजीतही त्याला लीकेजच म्हणतात.

गंमत अशी की त्या सीएसव्हीत पेशंटचा क्रमांकच नाही. फुटलेला पेपर परत बंद करता येत नाही. त्यासाठी मूळ डेटाबेसकडे, फिजिओनेट या संकेतस्थळावर जावं लागतं. तिथे प्रत्येक नोंद वेगळी आहे. २००४ साली डी चझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींची एक वाटणी करून दिली: पेसमेकरवाल्या ४ नोंदी बाजूला, उरलेल्यांतल्या २२ शिकायला, २२ परीक्षेला. एक नोंद एकाच बाजूला. अपवाद फक्त २०१ आणि २०२ वाल्या गृहस्थांचा, त्यांची एक नोंद इकडे, एक तिकडे. त्या वाटणीवर तुमचं मॉडेल चालवून बघा. 'एस' गटातले, म्हणजे वरच्या कप्प्यांतून अवेळी निघालेले ठोके ओळखताना भल्याभल्यांची दमछाक होते.

शिवाय ट्रेनच्या ८७,५५४ ठोक्यांतले ७२,४७१ नॉर्मल आहेत. डोळे मिटून प्रत्येक वेळी 'नॉर्मल' म्हटलं तरी जवळपास ८३ टक्के. काहीही न शिकता फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.

आणखी एक बारीक गोष्ट. ती मला लागते, कारण मी वायरी हाताळल्यात. मूळ नोंदी सेकंदाला ३६० नमुने या वेगानं उतरवल्या. हा आकडा का? अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिची गुणगुण गाळणं त्या वेगाला सोपं जातं. आपली वीज ५० हर्ट्झची. एका ग्रामीण रुग्णालयात ईसीजीवर गवत उगवल्यासारखी थरथर येत होती. मी यंत्र उघडून अर्धा दिवस बोर्ड तपासला. शेवटी सिस्टरांनी खाटेमागचा कुलर बंद केला आणि रेषा सरळ झाली. प्लगला अर्थिंगच नव्हतं. अशा पट्ट्यांवर, जेल वाळलेल्या इलेक्ट्रोडवर, घाईत उजव्या-डाव्या हाताचे क्लॅम्प अदलाबदल होऊन पहिली लीड, म्हणजे ईसीजीची पहिली रेघ, उलटी आली असताना तुमचं नेटवर्क काय म्हणतं? तुम्हाला माहीत नाही. हे माहीत नसणं ब्लॅक बुकात कुठेच लिहिलेलं नसतं.

एक्स-रेवाल्यांचं याहून बिकट आहे. तुमच्या ५,८५६ प्रतिमा चीनमधल्या ग्वांगझोच्या महिला व बाल रुग्णालयातल्या आहेत. पेशंट १ ते ५ वर्षांची मुलं. हे डेटासेटच्या पानावरच लिहिलेलं असतं, पण मी विचारलं तेव्हा पाच ग्रुपांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एका मुलानं तर डेमोसाठी स्वतःच्या आजोबांचा एक्स-रे घातला, आणि स्क्रीनवर 'न्यूमोनिया, ९९ टक्के' आलं. आजोबा पलीकडच्या गावात चावडीवर बसून असतील बिचारे.

त्या डेटासेटच्या व्हॅलिडेशन फोल्डरमध्ये, म्हणजे शिकताना मधूनमधून घ्यायच्या चाचणीसाठी, १६ प्रतिमा आहेत. सोळा. ८ निरोगी, ८ आजारी. तुमच्या पीपीटीतला तो करवतीसारखा वरखाली जाणारा ग्राफ त्यामुळे येतो. एक प्रतिमा चुकली की सव्वासहा टक्के खाली. मी 'ग्राफ असा का?' म्हणून विचारते तेव्हा तुम्ही लर्निंग रेटवर, म्हणजे मॉडेल किती झपाट्यानं शिकतं त्यावर, पाच मिनिटं बोलता. फोल्डर उघडून फाइली मोजल्या असत्या तर पाच सेकंदांचं काम होतं. काही ग्रुप तीनही फोल्डर एकत्र करून स्वतःची वाटणी करतात. कल्पना चांगली, पण न्यूमोनियाच्या फाइलींच्या नावातच पेशंटचा क्रमांक आहे आणि एकाच मुलाच्या अनेक फिल्म्स आहेत. क्रमांक न बघता पिसलंत की पुन्हा तीच पेपरफुटी.

हे फक्त तुमच्याकडून होतं असं समजू नका. कोविडच्या काळात जगभरच्या संशोधकांनी एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणारी मॉडेलं धडाधड छापली. केंब्रिजच्या मंडळींनी २०२१ मध्ये त्यांची झडती घेतली. चाळणीतून उरलेले ६२ अभ्यास बारकाईनं तपासले. प्रत्यक्ष उपचारात वापरावा असा त्यांत एकही निघाला नाही. काहींनी कोविडचे म्हणून मोठ्या माणसांचे एक्स-रे घेतले होते आणि कोविड नसलेले म्हणून ग्वांगझोची हीच लेकरं. नेटवर्क काय शिकणार? मोठ्या बरगड्या आणि लहान बरगड्या.

त्याचा दोष नाही. ३ बाय ३ ची छोटीशी खिडकी चित्रावरून सरकत जाते, ९ आकड्यांनी गुणाकार करते, बेरीज पुढच्या थराकडे देते. थरावर थर चढत कडा, मग आकार, मग आकारांचे गट तयार होतात. ईसीजीत हीच खिडकी एका रेषेवरून सरकते, इतकाच फरक. पण फुप्फुस कुठे संपतं आणि फिल्मच्या कोपऱ्यातला शिशाचा मार्कर कुठे सुरू होतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. उत्तराकडे नेणारी जी वाट सोपी, ती नेटवर्क धरतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या संशोधकांनी दाखवलं की असं नेटवर्क एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे हे जवळजवळ अचूक ओळखतं. एका हॉस्पिटलात न्यूमोनियाचे पेशंट जास्त असले, की हॉस्पिटल ओळखणं म्हणजेच आजार ओळखणं होऊन बसतं. दुसरीकडच्या फिल्म्स दिल्या की गुण घसरतात. आणि तुम्ही व्हीजीजी-१६ हे तयार नेटवर्क वापरता, १३ कोटी ८० लाख वजनांचं, म्हणजे शिकताना बदलणाऱ्या आकड्यांचं. पाच हजार फिल्म्स पाठ करायला एवढं डोकं पुष्कळ झालं.

आपल्याकडच्या फिल्मवर काय काय असतं ते एक्स-रे टेक्निशियनला विचारा. ताईत. मंगळसूत्राची वाटी. ब्लाउजचे हूक. आणि वेणी. जाड, तेल लावलेली वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि टीबीचे डागही बहुधा तिथेच असतात. जुने टेक्निशियन म्हणूनच 'ताई, केस वर बांधा' म्हणतात. ग्वांगझोच्या चार वर्षांच्या पोराला वेणी नव्हती.

टीबीचा विषय निघालाच आहे तर सांगते, हे काम नीट करूनही दाखवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून टीबीची चाळणी करायला मान्यता दिली, पण १५ वर्षांवरच्यांसाठीच. वयाची अट बघा. मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी असं सॉफ्टवेअर बनवते. ते गुणांकन देतं. कितीच्या वर संशयित धरायचं हे ज्या त्या ठिकाणी तपासून ठरवायचं असतं. मग थुंकीची तपासणी, सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या यंत्रावर. नेटवर्क निकाल देत नाही, रांग लावतं.

रांगेचा हिशेब तुम्ही करत नाही म्हणून करून दाखवते. समजा तालुक्यात १,००० जणांचे एक्स-रे काढले आणि त्यांत १० जणांना खरंच टीबी आहे. तुमचं मॉडेल शंभरातले ९० आजारी पकडतं आणि शंभरातल्या ९० निरोग्यांना सोडतं. ९ सापडले, एक निसटला, आणि ९९ धडधाकट माणसं मजुरी बुडवून थुंकी द्यायला आली. अ‍ॅक्युरसी बरोबर ९० टक्के. आता पायरीजवळचा एक दगड उचलून टेबलावर ठेवा. तो कोणालाच टीबी नाही म्हणतो. त्याची अ‍ॅक्युरसी ९९. म्हणून मी व्हायव्हात सेन्सिटिव्हिटी (आजारी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी किती सोडले) वेगवेगळी विचारते, छळायला नव्हे.

शेवटी पानं. या वर्षीचा मला सगळ्यात लागलेला प्रोजेक्ट हाच होता. दिंडोरीकडची मुलगी, ग्रुपची लीडर, बोलायला चुणचुणीत. द्राक्षाच्या पानावरचे रोग, ९९.१ टक्के. मी विचारलं, "घरी बाग आहे का?" "हो मॅडम, तीन एकर." "मग डावणी ओळखून दाखव." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, डावणी क्लासमध्ये नाही." "भुरी?" तीही नाही.

ज्या दोन रोगांपायी तिचे वडील ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं की पंप काढतात, ते दोन्ही तिच्या प्रोजेक्टात नाहीत. कारण प्लांटव्हिलेज नावाच्या त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे चारच वर्ग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. एकूण ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. डाळिंब नाही, कापूस नाही, ऊस नाही, कांदा नाही, तूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी! लातूरच्या पोरानं सोयाबीन निवडलं, तर त्याच्या नेटवर्कनं पिवळा मोझॅक जन्मात पाहिलेला नसणार.

त्यातली पानं झाडावरून तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. २०१६ च्या मूळ अभ्यासात अ‍ॅक्युरसी ९९.३५ टक्के आली. त्याच लोकांनी प्रामाणिकपणे वेगळ्या ठिकाणचे फोटो लावून बघितले तर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. हे दुसरं वाक्य तुमच्या लिटरेचर सर्व्हेत कधी येत नाही. २०२२ मध्ये एकानं पानाकडे बघितलंच नाही. पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेतले आणि ३८ वर्गांत ४९ टक्के बरोबर उत्तरं काढली. नुसत्या अंदाजानं अडीच टक्क्यांच्या आसपास आले असते. म्हणजे कागदावरून रोग ओळखला. बागेत मात्र पानामागे पान असतं, बोर्डो फवारणीचे निळसर डाग असतात, ऊन असतं, वाऱ्यानं फोटो हलतो. गुगलच्या माणसांनी डोळ्यांच्या पडद्यावरून मधुमेहाचा त्रास ओळखणारी प्रणाली थायलंडच्या दवाखान्यांत नेली, तेव्हा पहिल्या १,८३८ फोटोंतले २१ टक्के तिनं नाकारले होते. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इतकं साधं कारण त्यामागे होतं. जिथे यंत्र ठेवायचं तिथे आधी जाऊन उभं राहावं लागतं, ते याचसाठी.

तर माझं मागणं. डेटासेट कुठला, कोणाचा, किती माणसांचा किंवा किती बागांचा, याचं एक पान ब्लॅक बुकात अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या लगेच नंतर लावा. वाटणी माणसाप्रमाणे, बागेप्रमाणे करा. आणि स्वतःच्या जिल्ह्यातले, स्वतः गोळा केलेले ५० तरी नमुने शेवटी वेगळे तपासा. एक्स-रे आणि ईसीजीच्या बाबतीत हे वाटतं तितकं सोपं नाही. मित्राच्या काकांच्या दवाखान्यातून मोबाइलवर फिल्म्सचे फोटो मारून आणू नका, त्यासाठी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती लागते. ते जमणार नसेल तर पानं घ्या. पानाला संमतीपत्र लागत नाही. डावणी की भुरी असा प्रश्न पडला तर कृषी विज्ञान केंद्रात जा, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. लेबल लावायला जाणता माणूस मिळवणं हे निम्मं इंजिनिअरिंग आहे, मॉडेल ट्रेन करायला मॉडेल डॉट फिट लिहिणं ही एक ओळ.

आणि गाइड मंडळी, तुम्हालाही थोडं. ६१ टक्के आणणाऱ्या ग्रुपला तुम्ही 'अजून ट्यून करा' म्हणून परत पाठवता, ते मी पाहिलंय. मुलं घाबरतात आणि रँडम स्टेट, म्हणजे डेटा पिसण्याचा आकडा, बदलत बसतात. ६१ का आले हे ज्यांना सांगता येतं, त्यांना आधी मार्क द्या. माझ्या शीटवर मी देतेच. लोड तुमच्यावर किती असतो याची कल्पना आहे. चार ग्रुप, दोन थिअरी, नॅक मूल्यांकनाची फाइल. तरी डेटासेटचं फोल्डर एकदा स्वतः उघडून बघायला अर्धा तास पुरतो.

दिंडोरीच्या त्या मुलीला मी किती मार्क दिले हे इथे सांगणार नाही, ते गुपित असतं. पण बाहेर पडताना ती दारात थांबून म्हणाली, "मॅडम, डावणीचा डाग आधी वरून तेलकट दिसतो आणि पांढरं खालून येतं. मग फोटो पानाच्या दोन्ही बाजूंनी काढावा लागेल ना?" चार वर्षांत तिला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तर तिच्याकडे लहानपणापासून होतं.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा येईन. पहिला प्रश्न हाच असेल: एकच पेशंट, किंवा एकाच वेलीची पानं, ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे आहेत का? दुसरा: ज्याच्यासाठी हे बनवलं त्या माणसाला ते दाखवलं का, आणि तो काय म्हणाला? एवढा पेपर मी स्वतःच फोडून ठेवते आहे.

तुमची,
एक्स्टर्नल मॅडम